सत्तर किलो गटातली हळदतुला

लोकांच्या प्रेमाचं मोजमाप जगातल्या कुठल्याही काट्यावर होत नाही. हे वाक्य मी आजवर निदान तीसेक मानपत्रांत लिहिलं आहे. निवृत्त झालेले पोस्टमास्तर, निवडून आलेले सरपंच, पडलेले सरपंच, एकदा तर बदली रद्द झालेले तलाठी, सगळ्यांना ते चाललं. मला ते पटतं म्हणून मी लिहितो असं नाही. मानपत्राचा तिसरा परिच्छेद सुरू करायला ते बरं पडतं.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गोरेगाव आणि सेनगावच्या मधे आमचं गाव, गावात एक वाचनालय. ते मी सकाळी उघडतो, संध्याकाळी लावतो आणि मधल्या वेळात वाचत बसतो. ज्याला वाचायची सवय आहे त्याला लिहिताही येत असणार असा गावाचा समज आहे. त्यामुळे निमंत्रणपत्रिका, मानपत्रं आणि श्रद्धांजलीचे फलक हे सगळं माझ्याकडे येतं. पुष्कळदा एकाच माणसाचं, आणि याच क्रमानं.

असंच एक मानपत्र मी तीन वर्षांपूर्वी एका कबड्डीपटूसाठी लिहिलं.

आमच्या गावचा हा गडी हिंगोलीच्या मोंढ्यात हमाली करायचा. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, हे त्याचं दिवसाचं काम. संध्याकाळी कबड्डी. आता कबड्डीत चढाई करणारा कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मांजर दुधाच्या पातेल्याकडे जातं तसा. इकडे झुकायचं, तिकडे हूल द्यायची, कुणाच्या बोटाला बोट लावायचं आणि परत पळायचं. आमचा गडी यातलं काही करायचा नाही. मध्यरेषा ओलांडली की तो मान खाली घालायचा आणि सरळ धावत सुटायचा. समोर माणूस असला तर माणसावरून. परत येताना ज्यांनी ज्यांनी त्याला धरलं असेल त्यांना तो सोबत घेऊन यायचा. एकदा दोघं पायांना, एक कमरेला आणि एक गळ्यात, अशी वरात घेऊन तो मध्यरेषेवर आला. चौघंही बाद. पंचानं शिट्टी वाजवायच्या आधी टाळी वाजवली. ते नियमात बसत नाही, पण त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणारे चौघंही आडवे होते.

गाव त्याच्यावर जीव टाकायचं, आणि जीव टाकण्याच्या आमच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. त्याच्या फाटलेल्या बनियनचा एक तुकडा किराणा दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी काचेत लावलेला आहे. शेजारच्या गावातला एक जुना खेळाडू आता रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवतो. तो गिऱ्हाइकांना चहाबरोबर आपला पडलेला दात दाखवतो. म्हणजे दात नाही, जागा. "ही त्याची धडक," असं तो इतक्या अभिमानानं सांगतो, की दात यानं स्वतःहून बक्षीस दिला असं वाटावं. शाळेच्या भिंतीला एक तडा आहे. लहानपणी खेळताना तो भिंतीवर आदळला तेव्हाचा तो तडा, असं पाहुण्यांना नेऊन दाखवतात. तडा भूकंपाच्या धक्क्याचा आहे. मी तेव्हा त्याच वर्गात सातचा पाढा घेत होतो. पण हे मी दोनदा सांगून पाहिलं आणि दोन्ही वेळा लोकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

असा हा गडी तिशी ओलांडून गेला तरी त्यानं एकदाही अंतिम सामना जिंकला नव्हता. दोनदा तो अंतिम सामन्यात गेला, दोन्ही वेळा धडका देता देता त्याचा खांदा निखळला आणि गाव हरलं. गावाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. "खांदा गेला, पण काय धडक मारली!" असं लोक महिनाभर बोलत राहिले. दुःख त्याला झालं. आणि त्याच्या बायकोला, कारण खांद्याला तेल तिला चोळावं लागलं.

त्या वर्षी तिनं त्याला निर्वाणीचं सांगितलं. मी त्यांच्या दारावरून जात होतो, म्हणून ते मलाही ऐकू आलं.

"ह्या वर्षी कप आणा न्हाईतर नका आणू. पण पुढल्या साली मैदानात दिसले तर खांदा बसवायला मी न्हाई. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाच म्हणावं तेल लावा."

तो नंतर वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, तिचं बराबर हाय. पण एकदा कप उचलून पाह्यचा हाय. एकदाच. मंग सोडून देतो."

त्या वर्षीची स्पर्धा सत्तर किलो वजन गटाची होती. आमच्याकडे गावोगावच्या स्पर्धा अशा वजनावर भरतात. पहिल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं, आणि अंतिम सामन्याच्या सकाळी पुन्हा एकदा. वजन सत्तरच्या वर गेलं की बाहेर. सामने रविवारी व्हायचे, म्हणून स्पर्धा महिनाभर चालली. पहिल्या रविवारी आमचा गडी एकोणसत्तर भरला. चौथ्या रविवारपर्यंत त्यानं तीन संघ पाडले आणि गाव अंतिम फेरीत गेलं.

या महिनाभरात गावाच्या प्रेमाला काही धरबंध राहिला नाही. सकाळी एका घरून अंडी, दुपारी दुसऱ्या घरून तूप, संध्याकाळी तिसऱ्या घरून म्हशीचं दूध. आमचे कासार, जे स्वतःच्या लेकराला खारीक मोजून देतात, ते त्याच्या खिशात मूठभर खारका कोंबताना मी पाहिले. तो नको म्हणायचा. पण ज्याच्या बनियनचा तुकडा लक्ष्मीशेजारी आहे, त्याला नको म्हणायचा अधिकार उरत नाही.

अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी चाहता मंडळाची बैठक वाचनालयात झाली. मंडळाचे अध्यक्ष खताचे दुकानदार. आवाज भारदस्त, वाक्य कितीही छोटं असलं तरी मधे थांबून बोलायची सवय.

"गुरुजी," ते म्हणाले, "अंतिम सामन्याअगोदर त्याचा सत्कार... करायचा हाय."

"गेल्या महिन्यात दोनदा झाला," मी म्हणालो. "त्याच्याकडे आता शालींचं दुकान निघेल."

"म्हणूनच म्हंतो. शाल-श्रीफळ झालं, फेटा झाला. आता काही तरी... येगळं पायजे."

मी त्या वेळी एका पुस्तकाच्या बऱ्या पानावर होतो, आणि ते मला सोडायचं नव्हतं. म्हणून मी वर न पाहता बोललो, "मग तुलाच करा त्याची. मंत्र्यांची लाडवांनी करतात, तुम्ही हळदीनं करा. नाहीतरी गावात सध्या हळदीशिवाय दुसरं काही नाही."

मला वाटलं, लागलं बोलणं यांना. मी मान वर केली तर सगळ्यांचे डोळे चमकत होते.

"अनुमोदन!" मागून कुणीतरी ओरडलं.

आमच्या गावात उपरोधानं बोलायची सोय नाही. लगेच अनुमोदक मिळतो.

तुलेसाठी काटा हवा. किराणा दुकानातला काटा वीस किलोच्या पुढे जात नाही. माणूस मावेल असा काटा पंचक्रोशीत एकच, तो शेजारच्या गावच्या दूध संकलन केंद्रात, आणि ते केंद्र चालवणारा माणूस अंतिम सामन्यातल्या समोरच्या संघाचा कर्णधार. त्यामुळे काटा नवीन बनवायचं ठरलं. ते काम वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलं. चाचांचं घराणं गावात आमच्याही आधीचं. गावातला प्रत्येक नांगर, प्रत्येक फाटक आणि सरपंचांच्या माडीचा जिना त्यांच्या हातून गेलेला. त्यांनी ट्रॉलीच्या लोखंडाचा आडवा दांडा केला, दोन्ही टोकांना साखळ्यांनी दोन फळ्या टांगल्या, एका फळीवर सिमेंटचं एक पोतं आणि दुसरीवर दुसरं ठेवून दाखवलं. दांडा गप्प उभा राहिला.

"देखो गुरुजी," चाचा म्हणाले, "असा बराबर बनवलाय, एका बाजूला माशी बसली तर दुसरी बाजू तक्रार करंल."

मानपत्र अर्थात मीच लिहिलं. दीड पानाचं. त्यात सह्याद्रीचा कडा होता, उधळलेला वळू होता, कोसळणारी वीज होती. लोकप्रेमाचं मोजमाप होत नाही, हे तिसऱ्या परिच्छेदात होतंच; काट्याच्या शेजारी उभं राहून ते वाचायचं आहे, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. सुतारानं चौकट केली. शाळेचं जुनं दार काढलं होतं, त्याचं लाकूड त्यानं वापरलं. वरून जाड काच. "एवढी मोठी?" मी विचारलं. सुतार म्हणाला, "गुरुजी, तुमचं लिहिणं भारी आन् चौकट हलकी, असं बरं दिसल का?" आपल्या लिहिण्याची अशी कदर झाली की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

शनिवारी सकाळी दहाला तुला. सामना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. अध्यक्षांनी समोरच्या संघाच्या कर्णधारालाही व्यासपीठावर बोलावलं होतं. "दुश्मनानं बी... पाहावं," असं त्यांचं म्हणणं. तो दूधवाला कर्णधार सरळ माणूस. स्वच्छ सदरा घालून वेळेवर आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला.

गड्याला फेटा बांधला. अध्यक्षांनी शाल घातली, सरपंचांनी दुसरी घातली. झेंडूचे पाच हार पडले, प्रत्येक हार बैलाच्या गळ्याला शोभेल असा. सालासकट नारळ हातात दिला. मग मी उभा राहून मानपत्र वाचलं. वळूपाशी टाळ्या पडल्या, कड्यापाशी पडल्या नाहीत; आमच्याकडे कडे नाहीत. वाचून झाल्यावर मानपत्र त्याच्या हातात दिलं आणि त्याला फळीवर मांडी घालून बसवलं. तो मानपत्र खाली ठेवायला लागला.

"राहू दे, राहू दे," मी म्हणालो. "उभं धर. फोटोत अक्षरं दिसली पाहिजेत."

त्यानं उभं धरलं. हारसुद्धा काढले नाहीत, कारण अध्यक्ष बसलेले असेपर्यंत अध्यक्षांचा हार काढायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज. आणि खालचे हार काढायचे तर वरचा अध्यक्षांचा आधी काढावा लागला असता.

दुसऱ्या फळीवर हळदीच्या पिशव्या ठेवायला सुरुवात झाली. पाच-पाच किलोच्या. घरोघरच्या बायका एकेक पिशवी आणून ठेवत होत्या, अध्यक्ष माईकवर आकडा पुकारत होते. "पन्नास... किलो!" टाळ्या. "साठ... किलो!" शिट्ट्या. सत्तरला दांडा हलला, पण आडवा झाला नाही. गड्याची बाजू खालीच.

"आणखी टाका!" लोक ओरडले. "आपला गडी हाय त्यो, सत्तरमदी काय मावतो!"

मग एकेक किलोच्या पुड्या आल्या. एकाहत्तर. बहात्तर. अध्यक्षांचा आवाज फाटला. त्र्याहत्तरला दांडा आडवा झाला आणि मैदानात असा जल्लोष झाला, की झाडावरचे बगळे उठले. लोक नाचले. चाचांनी स्वतःच्या काट्याला सलाम केला.

माझ्या शेजारी दूधवाला कर्णधारही टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता. मग त्या हळू झाल्या. मग एक हात दुसऱ्या हातापाशी जाऊन थांबला. रोज सकाळी दोनशे कॅन मोजणारा माणूस तो. आकडा ऐकला की त्याच्या डोक्यात कुठंतरी वही उघडत असणार. तो माझ्याकडे झुकला.

"गुरुजी, उद्याचा गट कितीचा हाय?"

"सत्तरचा," मी म्हणालो.

"व्हय ना," तो म्हणाला. आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागला.

तोवर हे फळीवर बसलेल्यालाही कळलं होतं. हारांमुळे त्याचं तोंड नाकापर्यंत झाकलेलं, पण डोळे दिसत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "चाचा, मला खाली घ्या."

नाचणारे एकेक करून थांबले. सगळ्यांत शेवटी अध्यक्ष थांबले, कारण माईक त्यांच्याकडे होता.

दूधवाल्यानं निघताना फक्त एवढं म्हटलं, "सत्कार लई झकास झाला. उद्या सकाळी काट्यावर भेटू." यात खोच नव्हती. म्हणूनच ते लागलं.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात गावात कुणीही त्याला काही खाऊ घातलं नव्हतं असं निष्पन्न झालं.

"मी तर निस्ती अंडी देत व्हतो," किराणावाला म्हणाला. "अंड्यानं काय वजन वाढतं?"

"आमचं दूध गाईचं व्हतं. पातळ."

"म्हशीचं व्हतं! मी सोता पाह्यलं!"

"म्हैस गाभण व्हती, दूध आटलं व्हतं तिचं!"

शेवटी सगळं बालंट काट्यावर आलं. कुणीतरी म्हणालं, काटाच चुकीचा असंल. चाचांनी सिमेंटची दोन्ही पोती पुन्हा चढवली. दांडा गप्प.

"काटा झूट न्हाई," चाचा म्हणाले. "तुमचं तूप सच्चं हाय." आणि त्यांनी तिथल्या तिथं साखळ्या सोडून काटा दुकानात नेऊन ठेवला. पुन्हा तोलून पाहायचं तर आता काटाही नव्हता आणि हळदही नव्हती. तुलेची हळद प्रसाद म्हणून बायकांनी केव्हाच घरी नेली होती. दूध केंद्रावर जाऊन वजन करावं असं एकानं सुचवलं, त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो घरी गेला.

"मोजून काय... फायदा?" अध्यक्ष म्हणाले. "जे हाय ते हाय. उद्या सकाळपर्यंत तीन किलो उतरवा."

आणि ज्या गावानं महिनाभर त्याला भरवलं होतं, ते गाव त्याला पिळायच्या मागे लागलं.

आधी त्याचं डोकं भादरलं. त्याच्यासोबत सहा चाहत्यांनी आपलीही डोकी भादरून घेतली. त्यांच्या डोक्यांचा काय संबंध, असं मी विचारलं. "साथ देऊन राहिलो, गुरुजी," ते म्हणाले. मग त्याला अंगात खताची रिकामी गोणी, वर स्वेटर, वर रेनकोट असं घालून नरसीच्या रस्त्यावर पळवलं. मागे मोटारसायकलींवर चाहते. ज्याचं धावणं पाहायला हे लोक उन्हातान्हात तास तास उभे राहायचे, त्याचं हे धावणं कुणाला पाहवेना. दोन मैलांवर एक जण खरोखर रडला. त्याला पाणी पाजलं. धावणाऱ्याला नाही, त्याला पाणी बंद होतं.

तरी कुणाचं समाधान झालं नाही. तेव्हा कुणाला तरी हळदीचा कुकर आठवला. आमच्याकडे हळद काढली की शेतातच लोखंडी पिंपांत वाफेवर शिजवतात. गावाच्या कडेला एका शेतात ते काम चालू होतं. गड्याला घोंगडीत गुंडाळून त्या वाफेच्या तोंडापाशी बसवलं. हळद शिजत होती आणि शेजारी आमचा गडी शिजत होता. मी त्याला विचारलं, "बरा आहेस ना रे?" घोंगडीतून आवाज आला, "गुरुजी, आतून भाजीचा वास येऊन राहिला."

दोन तासांनी घोंगडी काढली तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला होता. तेवढ्यात त्याची बायको शेतात आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या सहा टकल्यांकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे.

"दुसरं लगीन लावून राहिले का याचं?"

"वहिनी, उद्याच्या वजनासाठी..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"महिनाभर माझ्या नवऱ्याला फुगवलं, आता पिळून राहिले. माणूस हाय का इळभर वाळत घालायची चादर?" आणि नवऱ्याकडे वळून, "तुमाला तरी काही वाटतं का? कुणी बी बस म्हणलं की बसता. सकाळी काट्यावर बसले, दुपारी चुलीवर बसले."

तो मान खाली घालून म्हणाला, "उद्याचा एक दिवस. मंग तू म्हणशील तिथंच बसन."

रविवारी सकाळी पंचांनी आणलेल्या काट्यावर दोन्ही संघ उभे राहिले. हा काटा आकडे दाखवणारा होता. गावातली निम्मी माणसं आजूबाजूला. दूधवाला कर्णधार हाताची घडी घालून समोर. आमचा गडी, टक्कल केलेला, पिवळा, एका चड्डीवर, काट्यावर चढला. पाय थरथरत होते, त्यामुळे आकडा ठरेना. मग ठरला.

सहासष्ट.

पंचानं वाकून पुन्हा पाहिलं. "सहासष्ट," तो म्हणाला. "पुढचा."

कालचे त्र्याहत्तर, आजचे सहासष्ट. एका दिवसात सात किलो. माणसाच्या शरीरातून एका दिवसात सात किलो जातात तेव्हा त्याला वजनकाट्यावर नेत नाहीत, दवाखान्यात नेतात. एवढं विज्ञान मी चौथीला शिकवलं आहे. पण मी तोंड उघडायच्या आत त्याला खांद्यावर घेतलं होतं. "सात किलो!" लोक ओरडत होते. "मागितले तीन, दिले सात!" शेजारच्या गावाहून आलेल्या लोकांना ते सहा टकले आपल्या डोक्यांवर हात फिरवून हकीकत सांगत होते. दूधवाल्यानंसुद्धा त्याला हात जोडले. दुधातलं पाणी त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं, पण इतकं पाणी कुणी काढून दाखवलं नव्हतं.

सामना पाचला सुरू झाला. आमच्या गड्यानं दुपारी केळी खाल्ली होती, ताक प्यायलं होतं, पण पायांत काही जीव आलेला नव्हता. पहिल्या चढाईला तो निघाला. समोरच्या सात जणांनी, दहा वर्षांच्या अनुभवानं, पाय मातीत रोवले, माना आत घेतल्या आणि डोळे बारीक केले. येणारा धक्का सोसायचा आणि मग धरायचा, हीच त्याला पकडायची रीत. मैदानभर एकच घोष, "घूस! आत घूस!"

तो सरळ गेला, दोन पावलांवर थांबला, वाकला, समोर रोवलेल्या एका पायाच्या अंगठ्याला बोट लावलं आणि परत आला.

एक गुण.

समोरच्यांना आपल्याला काय झालं हे कळायला वेळ लागला. आमच्या लोकांना त्याहून जास्त लागला.

"हे काय?" किराणावाला म्हणाला.

दुसऱ्या चढाईत त्यानं डावीकडे हूल दिली. त्याला हूल देताना गावानं जन्मात पाहिलं नव्हतं. डाव्या बाजूचे दोघं एकमेकांवर आपटले आणि हा उजवीकडच्याच्या गुडघ्याला हात लावून परत. तिसऱ्या चढाईत पुन्हा अंगठा. उरलेले मैदानात खांबासारखे पाय रोवून उभे, आणि हा त्यांच्यातून, सारवलेल्या अंगणातून चालावं तसा, हलक्या पावलांनी.

"अरे धडक दे!" मागून एक म्हातारे ओरडले. "नवरी उंबरा ओलांडती तसा काहून चालून राहिला!"

"आजोबा, गुण येऊन राहिले ना," मी म्हणालो.

"गुणाला काय चाटायचं? आमी सेनगावहून ऊन खात आलो ते बोटं मोजायला का?"

शेवटच्या चढाईला दोन्ही बाजूंचे गुण बरोबरीत होते. दूधवाला कर्णधार एकटाच उरला होता. मैदान ओरडत होतं, आणि कशासाठी ओरडत होतं ते मला अजून आठवतं: जिंकण्यासाठी नाही, धडकेसाठी. आमचा गडी क्षणभर उभा राहिला. आयुष्यभराची सवय, समोर एकटा माणूस, आणि हजार माणसांचा घोष. त्याची मान किंचित खाली गेली. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती खांद्यावर हात ठेवून उभी होती, स्वतःच्या.

त्यानं मान वर केली, उजवीकडे झुकला, डावीकडून गेला, दूधवाल्याच्या मनगटाला दोन बोटं लावली आणि परत आला.

लोण धरून तीन गुणांनी गाव जिंकलं. टाळ्या झाल्या. शाळेत निबंध स्पर्धेच्या बक्षिसाला होतात तशा.

"कप आला," अध्यक्ष म्हणाले, "पण... समाधान न्हाई."

कप त्यानं उचलला. पितळेचा, तसा बरा मोठा. फोटोत तो कुठंही न दुखता उभा आहे, आणि त्याच्याभोवतीचे सगळे जण हरल्यासारखे दिसतात.

आठवडाभरानं तो एक गोणी घेऊन वाचनालयात आला. गोणीत फेटा, शाली, सुकलेले हार आणि मानपत्र.

"हे ठेवून घ्या, गुरुजी. घरी खिळा ठोकला तर भिंत येऊन राहिली खाली."

मी मानपत्र टेबलावर आडवं ठेवलं. मग बरेच दिवस मनात होतं ते विचारलं. "तुला हूल द्यायला कधी शिकवली रे कुणी?"

तो हसला. "शाळेत व्हतो तवापासून येते. पयलं पयलं तसाच खेळायचो. पण एकदा चुकून एकाला धडक बसली, आन् लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, गुरुजी, की मला वाटलं हेच खेळायचं असतं. मंग दुसरं काही खेळलो की लोकांचं तोंड पडायचं. परवाच्याला अंगात ताकदच न्हवती, म्हणून जमलं." दाराकडे वळत म्हणाला, "ती म्हणती, पुढल्या साली बी खेळा म्हणून. असंच."

तो गेल्यावर मी ती गोणी उचलून कपाटावर ठेवायला गेलो आणि माझ्या मनगटाला कळ लागली. तेव्हा मला शनिवारचा फोटो आठवला. फोटोत मानपत्राची अक्षरं अगदी स्पष्ट दिसत होती.

मी गोणी किराणा दुकानात नेली आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवली. गावाला यातलं मी काही सांगितलं नाही. एका दिवसात सात किलो, हेच अजून पाहुण्यांना सांगतात, शाळेच्या तड्यानंतर लगेच. चाचांना तेवढं कळवलं, कारण प्रश्न त्यांच्या काट्याच्या अब्रूचा होता. "मी बोल्लो व्हतो," एवढंच ते म्हणाले.

फेटा चारशे ग्रॅम भरला आणि दोन्ही शाली मिळून सातशे. हार सुकून हलके झाले होते आणि नारळाची घरी चटणी झाली होती, त्यामुळे तिथला आकडा कायमचा हुकला. मानपत्र एक किलो सहाशे ग्रॅम.